रहिमतमावशीचं रोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — माहेरच्या थोरल्या बहिणीलाही नाही. चौथीपर्यंत शिकले म्हणून लिहू तरी शकते. चारचौघांत बोलणं मला आजही जमत नाही.

मळवलीच्या बाजूला आमचं गाव. इथली रीत अशी — ज्याचं जनावर दुसऱ्याचं भाताचं रोप खाईल, त्याने आपल्या वाफ्यातलं तेवढंच रोप उपटून द्यायचं. पण जनावर कुणाचं, हे पाहणाऱ्याने चावडीवर येऊन सांगायला हवं.

एका साली शेजारच्या रहिमतमावशीची म्हैस आमच्या रोपात शिरली. मावशी विधवा, एकटीने शेत करायची. मी पाहिलं, आणि — लाजरी म्हणवणारी मी — पदर सावरत चावडीवर जाऊन सांगितलं. मावशीने वाद घातला नाही. रोपाच्या मुठी स्वतः आमच्या बांधावर आणून ठेवल्या. तेव्हा वाटलं, किती चांगली रीत!

पुढच्या साली आमचा बैल तिच्या रोपात शिरला. मी बांधावर गवत कापत होते. पाहिलं नाही असं कसं म्हणू? मीच तर खडे मारून त्याला बाहेर काढलं. तोवर वाफा संपलाच होता.

मावशीने गाऱ्हाणं नेलं, तेव्हा चावडीवरचे म्हातारे आबा मला म्हणाले, "सूनबाई, तू तितंच व्हतीस. जनावर कुणाचं?" सासरे शेजारीच बसले होते. मी नुसती मान हलवली — पाहिलं नाही. कुणीतरी म्हणालं, लाजरी हाय, नगा इचारू.

त्या लाजेआड मी लपले. सासऱ्यांची भीती होती का? होती. पण खरं सांगू? लढाईचे दिवस, दुकानात तांदूळ मिळेना — आमचं रोप कमी पडेल, हेच आधी मनात आलं. तिचंही पोट आहे, हे आलं नाही.

परतताना मावशी हळूच म्हणाली, "पोरी, गेल्या साली माजी म्हैस तुला लांबनं वळखू आली व्हती."

तिचं खाचर पडीक राहिलं. ती सुदुंबऱ्याला भावाकडे गेली, आणि तिथेच वारली.

तिला एक न्याय आणि आम्हाला दुसरा, तर ती रीत कसली? ती नुसती आमची सोय. तिची म्हैस सांगायला मला काय लागलं होतं? बैल आमचा होता, तेव्हा बोलायचं होतं.

काल आमची कालवड गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याच्या रोपात शिरली. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. आज सकाळी चावडीवर जाऊन सांगून आले. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. उद्या पहिली मूठ मीच उपटणार.

याने मावशीच्या खाचरात लावणी होत नाही. ते मी पडीक पाडलं.