माझ्या लेकीवर टाकलेलं पोतं

माझ्या लेकीवर त्यांनी पोतं टाकलं. धानाचं रिकामं पोतं. खळ्यावर, भर दुपारी, सगळ्या मजुरांसमोर.

ती सहा वर्षांची होती. तणसाच्या ढिगाला टेकून बसली होती. तिची बोटं सुजून टणक झाली होती, पाय टेकवत नव्हते, म्हणून घरी एकटी न ठेवता मी तिला सोबत आणलं होतं. त्या दिवशी मालगुजाराची सून धानाची रास पुजायला येणार होती. सुनेला दिवस गेले होते. मालगुजारीणबाई आधी आल्या, माझ्या पोरीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "सुनेची नजर नोको पडाले हिच्यावर. झाक तिले."

मला कळलंच नाही. पोर काय भांडं आहे झाकायला? मी तशीच उभी राहिले. मग बाईंनी मुकादमाला खूण केली. त्याने पोतं उचललं आणि टाकलं. बाईंनी स्वतः हात लावला नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाला हात लावायची त्यांच्यात रीत नव्हती.

तोवर सरकारने मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, काढून घेतली होती. कागदावरची गेली. गावात मालगुजार तसाच होता. वावर त्याचं, खळं त्याचं, आणि आमचं पोट त्या खळ्यावर.

लेकीच्या दुखण्याला नाव नव्हतं. थंडी पडली की हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, चालता चालता खाली बसायची. मधेच महिनाभर चांगली असायची, रानात टेंभरं वेचायची, खिदळायची. मग लोक म्हणायचे, पोर ढोंग करते. झाडपाला झाला, बिब्ब्याचे चटके झाले. तिच्या पोटावर डाग आहेत. होते. हे "होते" म्हणताना अजून जीभ अडते.

गावाला मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. पोटुशी बाईने ग्रहणात काही कापायचं नाही. कापलं तर पोर अधू निपजतं. मी कापलं होतं, असं बाई सगळ्यांना सांगत.

खरंच कापलं होतं. लेक पोटात असताना ग्रहण लागलं, नेमकं धानकापणीत. आभाळ आलं होतं. धान भिजेल म्हणून मुकादम दारात आला. मी म्हटलं, पोटात पोर आहे, आजचा दिवस बसते. तो म्हणाला, आज बसलीस तर उद्या येऊच नको. त्याच वेळी मालगुजाराची लेक माहेरी आली होती, तीही पोटुशी. तिला बाईंनी दार लावून निजवलं होतं. सुपारीसुद्धा कातरू दिली नाही. तिच्यासाठी ग्रहण होतं. माझ्यासाठी कापणी होती.

हे सगळं मी गिळून बसले होते. वाटायचं, असेल, माझंच पाप असेल. पोरीचे पाय चोळता चोळता मी तिच्याकडेच माफी मागायची. ती म्हणायची, माय, जोरात चोळ.

त्या दुपारी पोत्याखाली ती हलली नाही. रडली नाही. सून आली, राशीला कुंकू लावलं, नारळ फुटला. सगळे हात जोडून उभे. मीही जोडले होते. पोत्याचा एक कोपरा तिच्या श्वासाने वरखाली होत होता, मला तेवढंच दिसत होतं. बाई जाता जाता म्हणाल्या, "गिरनात विळा धरला तूनं. आता भोग."

मी हात सोडले. पोतं ओढून काढलं. पोरीच्या केसांत कोंडा, तोंड घामाने निथळत होतं. ती हळूच म्हणाली, "माय, मी हालली नाई."

तिला वाटत होतं, आपण शहाण्यासारखं वागलो.

मी बाईंच्या समोर जाऊन उभी राहिले.

"विळा तुमच्याच वावरात चालला, बाई. धान तुमच्याच कोठीत गेलं. मंग पाप माह्याच पोटात काऊन?"

मुकादमाने मला खळ्यावरून हाकललं. नवरा म्हणाला, जाऊन पाय धर. मी धरले नाहीत. पोरीला पाठीवर बांधलं, मूल गावापर्यंत चालले, तिथून रेल्वेने चांद्याला गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या. मी विचारलं, हे कशानं होते? तो म्हणाला, "मला समजत नाही, बाई." मी तिथेच रडायला लागले. गावात सगळ्यांना समजत होतं. एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला समजत नव्हतं, आणि तो तसं सांगत होता. माझ्याकडे त्याने बोट दाखवलं नाही.

गोळ्यांनी काही झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. माझ्या मांडीवर, हातपाय आखडून, पाणी मागत मागत.

माती देताना सासू रडली आणि म्हणाली, सुटली पोर तुझ्या पापातून. माझ्या मुठीत माती होती. ती लेकीवर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, माझी लेक आजारी होती. ती पाप नव्हती. माझंही नाही, तिचंही नाही.

त्या दुखण्याचं नाव मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण जो कोणी त्याला पाप म्हणेल, त्याला माझ्या घरी घोटभर पाणी मिळत नाही. सासूला मिळालं नाही. नवऱ्याने म्हटलं तर त्यालाही मिळणार नाही.