नातीच्या गालावरची फाइल

जुन्या कॉम्प्युटरला नवी विंडोज पेलवेना, म्हणून माझ्या लेकीने, मीराने, त्यावर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स घालून दिलं. फुकट, आणि नवशिक्यालाही जमेल असं. "बाबा, आईच्या सगळ्या फाइली आहेत. एकही गेली नाही," ती म्हणाली.

खरंच होत्या. पडद्यावर मागे नातीचा आधीचाच फोटोही होता. पण नव्या सिस्टिमने फाइली कवायतीसारख्या रांगेत उभ्या केल्या होत्या आणि 'लोणच्याचं प्रमाण' थेट नातीच्या गालावर बसलं होतं. हिने, मीराच्या आईने, तसं कधी होऊ दिलं नव्हतं. "पोरीच्या तोंडावर कशाला पसारा?" म्हणत ती एकेक फाइल फोटोच्या कडेला सरकवायची. तिला जाऊन वर्ष होत आलं, तरी त्या मांडणीत तिचा हात रोज दिसायचा. लिहिलेलं कॉपी होतं. फिरलेला हात कशात साठवायचा?

आठवून आठवून मी एकेक फाइल जागेवर नेली. लोणचं तेवढं कुठे होतं ते आठवेना. मीराला विचारलं.

"कुठेही ठेवा ना बाबा, काय फरक पडतो?"

लोणच्याची फाइल पकडून मी माऊसवरचं बोट दाबूनच धरलं होतं. सोडलं की ती जागा हिची नाही, माझी ठरणार होती.