तक्त्यातली स्कॉच

लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हा मी केमिस्ट्री शिकवायचो. कुठल्याही गोष्टीचा तक्ता करून तो पाठ करायची खोड तेव्हाच जडली. एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून स्कॉच आणून दिली, तर मी आधी स्कॉटलंडच्या कुठल्या प्रांतातल्या स्कॉचची चव कशी, याचा तक्ता केला. स्पेसाइड म्हणजे फळांची गोडी, आयला बेट म्हणजे धुराचा वास. बाटलीवर आयला लिहिलेलं होतं.

रविवारी दुपारी फिजिक्सच्या सरांना घरी बोलावलं. ते किल्लारीकडचे. भूकंपात त्यांचं गाव गेलं होतं.

"सर, आता धूर लागणार बघा," मी म्हणालो.

घोट घेतला, पण धुराचा पत्ताच नव्हता. मधासारखं काहीतरी लागलं, मागून जरा खारट. मी वैतागलो. "बाटलीच डुप्लिकेट हाय," म्हणालो. तक्ता चुकला असेल, हे काही डोक्यात येईना.

सरांनी शांतपणे दुसरा घोट घेतला. "त्या बेटावर बिनधुराचीबी करत असतील की. मी गाव सांगितलं की लोक भूकंपाचंच विचारतात. आमच्याकडचा हुरडा कसा असतो, हे आजवर कुणी विचारलं न्हाई."

आठ वर्षं आम्ही एका टेबलावर पेपर तपासत होतो. मीही विचारलं नव्हतं.