भरलेली वलांडी

वैशाखात हरेश्वर नावाचा माझा आजा गावात फेरीला निघाला की तो मुद्दाम समुद्राकडे तोंड करून चालायचा. कोणाच्या घरात डोकावतोय असं वाटू नये म्हणून. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो प्रत्येक अंगणातली वलांडी बघत असे. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूंचा सांगाडा. बांबूंवर दोऱ्या ताणायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोड्या टांगत जायचं.

मांडव्याच्या दक्षिणेला आमचा कोळीवाडा. वर्षभर प्रत्येक मचव्यामागे थोडे तांदूळ गावकीच्या कोठीत जमत आणि पावसाळ्याआधी ते गरीब घरांना मिळत. गरीब कोण, हे ठरवायचं काम आज्याचं. त्याच्या बापाने घालून दिलेला नियम सोपा होता: ज्याची वलांडी रिकामी तो गरीब. भरलेली वलांडी असली की सुके बोंबील देऊन आतल्या गावातून तांदूळ आणता येत आणि पावसाळा निघे. दारात जाऊन “खायला हाय का?” असं विचारायचं नाही, माणसाची अब्रू जाते. नियम करणारा मायाळूच असणार. पण महागाईला त्या मायेशी काय देणंघेणं?

ही १९२० सालची गोष्ट. मोठी लढाई संपली तरी भाव काही उतरेनात. तांदूळ महागले, लुगडी महागली, जाळं विणायचं सणाचं सूत तर हात लावू देईना. सुक्या बोंबलाला मात्र कोणी चार पैसे जास्त द्यायला तयार नव्हतं.

जनी ही आज्याची धाकटी बहीण. तिचा नवरा गुणाजी दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी होता. वाट्याला येईल ती मासळी जनी वाळवायची. त्या वर्षी गुणाजीने तिला सांगून ठेवलं होतं, गावकीचे तांदूळ मिळाले तर राहू, नाही तर बिऱ्हाड उचलून मुंबईला गोदीत ओझी वाहायला जाऊ. जनीला गाव सोडायचं नव्हतं. पण हे ती भावाला कशी सांगणार? दोघं एकाच आईची लेकरं, मागणं दोघांच्याही जिवावर यायचं.

फेरीच्या दिवशी जनीची वलांडी गच्च भरलेली होती. आज्याला तर हायसं वाटलं. बहिणीच्या पदरात तांदूळ घातले असते तर गावाने नावं ठेवली असती.

संध्याकाळी जनी त्याच्या ओट्यापाशी आली.

“दादूस, तांदूळ कोनाकोनाला?”

“वलांडी रिकामी त्याला. तुजी त भरलेली हाय.”

“व्हय,” ती म्हणाली, “भरलेली हाय खरी.” आणि गेली.

मला आज्याचा राग येतो तो इथे. अरे, बहीण दिवेलागणीला दारात येते ती काय वारा कुठला सुटलाय ते विचारायला? पण त्याने जाळं पुढ्यात ओढलं आणि फाटलेलं विणायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात बोंबलांच्या बदल्यात तांदूळ देणाऱ्या तांदूळवाल्याची गाडी आली आणि गेली. मग समुद्र बंद होण्याआधीच्या शेवटच्या मचव्यातून गुणाजी, जनी आणि त्यांची पोरं मुंबईला निघून गेली. आज्याला कळलं तेव्हा तो धावत तिच्या घरी गेला. दाराला कडी, वलांडी मोकळी. शेजारची वेणूबाई अंगण झाडत होती.

“येवढे बोंबील होते, त्यांचं काय झालं गो?” त्याने विचारलं.

“समदे गाडीत गेले,” वेणूबाई म्हणाली. “पयले तेवढ्यात आख्खा पाऊस निघायचा. यंदा त्याचे तांदूळ श्रावनापर्यंत बी पुरले नसते. हरेश्वरा, तिच्या घरातून भाजल्या बोंबलाचा वास तुला कवा आला काय? वाटेवरूनच त जात होतास. पोरांना एक बोंबील तिनं दिला न्हाय, समदे तांदळासाठी राखले.”

आजा म्हणे तिथेच खाली बसला. हे मला आजीने सांगितलं.

त्यानंतर आज्याने गावकीत भांडण मांडलं. वलांडी बघून भागणार नाही, घरातले तांदूळ किती दिवस पुरतील ते विचारायलाच हवं, असं तो ओरडून सांगू लागला. म्हाताऱ्यांनी त्याला बापाचा नियम मोडणारा ठरवलं, पण शेवटी ऐकलं. पुढच्या वैशाखात तो समुद्राकडे न बघता सरळ दारादारांत गेला. चार जणींनी त्याच्या तोंडावर दार लावलं. तो पुन्हा गेला. त्या वर्षी भरल्या वलांडीच्या कितीतरी घरांना तांदूळ मिळाले.

फेरीच्या शेवटी तो जनीच्या अंगणात उभा राहिला. वलांडी रिकामी होती. बापाच्या नियमाने गावातलं सगळ्यात गरीब घर तेच, आणि तांदूळ घ्यायला तिथे कोणी नव्हतं. त्याने तिच्या वाट्याचे तांदूळ फडक्यात बांधले आणि मुंबईला मचवा घेऊन निघालेल्या भागोजी तांडेलाजवळ दिले.

भागोजी परत आला तेव्हा ते गाठोडं जसंच्या तसं त्याच्या हातात होतं.

“घेतलं न्हाय,” तो म्हणाला. “रडली बिचारी. मंग म्हनाली, दादूसला सांग, हे तांदूळ गेल्या वैशाखातले हायत. तवाच दिले असते त मी गावात असते.”