सुमनवहिनींचे पाच खडे

आमच्या गौरी चांदीच्या मुखवट्यांच्या, भरजरी शालूतल्या, आणि पुढे विजेच्या माळा एवढ्या की विमानं धावपट्टी समजून उतरायला बघतात. शेजारच्या सुमनवहिनी मात्र विहिरीवरून गौरी म्हणून नुसते पाच खडे आणतात, तोंडात पाणी धरून. वाटेत बोलल्या, तर पुन्हा विहीर. तरी सगळी आळी आधी त्यांच्याकडे वळते आणि माझ्या पोटात दुखतं. कारण मला ठाऊक आहे, देवांना नाकडोळे फुटण्याआधी, पोथ्या जन्मण्याआधी, भाद्रपदातलं भरलं शेत बघून कुणा बाईने असेच ओले खडे घरी आणले असणार. आमचा थाट कालचा, त्यांचा पृथ्वीच्या वयाचा!

यंदा त्या खडे घेऊन येताना, त्यांना बोलतं करायला मी वाटच अडवली. म्हटलं, "वहिनी, गेल्या वर्षी आमच्या थोरल्या गौरीने पोळीवर तूप कमी म्हणून मला हाक मारली हो!" हसू दाबताना वहिनींचे गाल फुगले, डोळे भरून आले, पण तोंडातला थेंब सांडला नाही. घरात खडे मांडून, चूळ टाकून त्या बाहेर आल्या.

"भावजी, तुमच्या गौरी बोलतात ना? मग विचारा त्यांना, हे पाच दगड त्यांचे कोण लागतात."

मी विचारलं नाही. 'पणज्या' म्हणाल्या असत्या, तर गौरींना घेऊन नमस्काराला वहिनींच्याच दारात जावं लागलं असतं.