वहिनीचा मंगळ

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजिवड्याला बँकेच्या रांगेत उभी होते. डोंबिवलीहून तिच्या शेजारच्या पाटीलकाकू बोलत होत्या, "अगं, शैलजा आज उठलीच नाही... दूधवाला बेल वाजवून वाजवून गेला." मी "हो, निघते" म्हणाले आणि तशीच रांगेत उभी राहिले. मागच्या बाईंनी दंडाला धरून बाकावर बसवलं तेव्हा कुठे रडू आलं. त्याला आता महिना होत आला.

शैलजावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. तिच्या पत्रिकेत मंगळ होता. आई नको म्हणत होती, दादाने ऐकलं नाही. तेव्हा आम्ही कल्याणजवळ मोहन्याला राहायचो. दीड वर्ष त्यांचा संसार झाला आणि एका संध्याकाळी हायवेवर दादाच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. तेराव्याला, भरल्या घरात आई म्हणाली, "हिच्या मंगळाने खाल्लं माझ्या लेकराला." वहिनी पंगतीत वाढत होती. ती थांबली नाही, खाली मान घालून वाढत राहिली. मी बावीस वर्षांची, पदवीधर. मीही गप्प बसले. तेवढंच असतं तरी एक वेळ... पण वर्षभराने मला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा आदल्या दिवशी मीच तिला म्हणाले, "वहिनी, उद्या तू जरा माहेरी जाशील का?" तिने कारण विचारलं नाही. "जाते वन्सं," म्हणाली, पिशवी भरली, आणि त्या घरात पुन्हा राहायला आली नाही.

पुढे तिने कल्याणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी धरली, डोंबिवलीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मागे छोटंसं परस होतं, त्यात एक शेवगा आणि कपड्यांची दोरी. आमची भेट लग्नकार्यात व्हायची, तीही चार शब्दांची. पन्नाशीला आल्यावर कॉलेजातल्या एका सरांकडून ती दुर्बिणीचा आरसा घासायला शिकली. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये पावडर आणि पाणी, आणि एका पिंपाभोवती फिरत एकीवर दुसरी घासत राहायचं. सहा महिने रोज कामावरून आल्यावर ती तेच करत होती म्हणे. मग सुताराकडून लाकडी नळकांडं आणि बैठक करून घेतली. हे सगळं मला कळलं ते तिचा फोन आला तेव्हा. "वन्सं, शनिवारी दिवेलागणीला या. मंगळ जवळ आलाय, दाखवते." आवाज अगदी साधा होता.

मी गेले. परसात स्टूलवर बसून डोळा लावला. नारिंगी रंगाचा, मसुराच्या डाळीएवढा एक ठिपका दिसला, किंचित हलणारा. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढासाच?"

"मीही पहिल्यांदा हेच म्हटलं," वहिनी म्हणाली. "लग्नाआधीपासून ऐकत आले होते ना त्याच्याबद्दल. म्हटलं, बघू तरी कोण आहे तो. बघितला आणि खूप वेळ रडले. याच्या नावावर सगळं आयुष्य..." मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी आईंना आणाल?"

आई तेव्हा ऐंशीची. वाटलं, नाही म्हणेल. पण ती नेसून तयार होऊन बसली. वहिनीने तिचा हात धरून तिला परसात नेलं, स्टूलवर बसवलं, चष्मा काढून घेतला. आई वाकून किती तरी वेळ बघत राहिली. "हाच का गं तो?" तिने विचारलं.

"हो, हाच."

"थरथरतोय."

"तो नाही आई, मधली हवा हलते."

आई ताठ झाली. तिने चाचपडत वहिनीचा चेहरा शोधला, गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "वाळलीस गं. जेवलीस का?" वहिनी नाही म्हणाली. त्या दिवशी आईने तिच्या स्वयंपाकघरात बसल्या बसल्या मला पिठलं करायला सांगितलं आणि वहिनीला समोर बसवून स्वतः वाढलं. माफी कुणी मागितली नाही. वर्षभरात आई गेली. शेवटचे दोन महिने वहिनीच तिचं सगळं करत होती.

माझं बोलायचं मात्र राहिलं. गुरू, शनी, चंद्र बघायला किती वेळा त्या परसात गेले, आणि दर वेळी ठरवून जायचे की आज ते पाहुण्यांचं बोलायचं. एकदा सुरुवातही केली, "वहिनी, तेव्हा मी तुला..." ती म्हणाली, "वन्सं, शुक्र शेवग्याआड चाललाय, आधी बघून घ्या." मी बघितलं. पुन्हा बोलले नाही. शेवटपर्यंत मी तिला 'तू' म्हणायचे आणि ती मला 'तुम्ही'.

आता दुर्बीण माझ्याकडे, ठाण्यातल्या बाल्कनीत आहे. परवा संध्याकाळी तिच्यातून गुरू बघितला तर नुसता पांढरा, पसरट डाग दिसला. मुलगी म्हणाली, "आई, ते बाजूचं चाक फिरव ना, तुझ्या नजरेला लागेल." मला माहीत आहे. पण ते वहिनीच्या नजरेला लावलेलं आहे, तिने शेवटचं जे बघितलं त्या दिवशी. माझा हात अजून तिथवर जात नाही.