शेपटाचं घड्याळ

माझ्या भावोजींना सगळे शेपूट म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. आमच्या शहरात दरवर्षी मोठी शर्यत होते. तिच्यात सगळ्यांत मागे, पिवळा झेंडा घेऊन, ठरलेल्या वेगाने जो माणूस चालतो तो शेपूट. झेंडा तुमच्या पुढे गेला की तुमची मुदत संपली. मागून येणाऱ्या गाडीत बसायचं आणि गुपचूप घरी जायचं. ती गाडी माझी. एरवी मी तिच्यातून हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी पोचवतो. त्यामुळे हरलेली माणसं गठ्ठ्यांवर आडवी होतात आणि खुशाल घोरतात. मला कोणी विचारत नाही, बाबा, तू दमलास का.

भावोजी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. दिवसभर उभ्याचं काम. संध्याकाळी घरी आले की पायांचे खांब झालेले असतात, पण चहाच्या आधी घड्याळ. पळणाऱ्यांचं असतं ना तसलं, उपग्रहाशी बोलणारं. ते साध्या पाण्याखाली धुणार, कारण घामाचं मीठ राहिलं की पट्टा चिरतो आणि मनगटाला पुरळ येतं. ओलं असताना बटण दाबलं तर खेकसणार. मागचे धातूचे बारीक ठिपके, जिथे चार्जर टेकतो, ते दुकानातल्या मऊ ब्रशने पुसणार. बाहेर पडताना उपग्रह सापडेपर्यंत मोकळ्या आभाळाखाली हात पुढे धरून उभे. ताई म्हणायची, "लग्नाला होकार देताना एवढा वेळ थांबला नव्हतात तुम्ही."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गेलं वर्ष तिने अंथरुणात काढलं. आजार गेला, पण जाताना तिची सगळी ताकद घेऊन गेला. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत यायचं तर मध्ये खुर्ची लागायची. डॉक्टर म्हणाले, चाला. ती म्हणाली, कशाला? इतकी कंटाळली होती की केससुद्धा विंचरायची नाही. मग एके दिवशी भावोजींनी तिचं नाव शर्यतीच्या छोट्या टप्प्यात घालून टाकलं. ताईने आधी घर डोक्यावर घेतलं आणि मग मुकाट्याने बूट शोधले.

दोघं रोज पहाटे नदीकाठच्या रस्त्याने चालायला लागली. ती विजेच्या प्रत्येक खांबाशी थांबायची, खांबाला हात टेकून श्वास घ्यायची. भावोजी शेजारी उभे. परत आल्यावर ते मनगट पुढे करायचे, "बघ, मुदतीच्या आत आलीस." हळूहळू तिच्या बोलण्यात शर्यत येऊ लागली. झेंड्याच्या आत आले की मी बरी झाले, असं तिने मनाशी धरून ठेवलं. मलाही बजावलं, "तुझ्या त्या गाडीत मी बसणार नाही. मेले तरी."

मला कौतुक वाटलं. थोडी शंकाही आली, कारण एकदा मी दुधाची पिशवी घ्यायला निघालो तेव्हा ती दोघं खांबाशी दिसली आणि परत आलो तेव्हाही तिथेच. पण घड्याळासमोर माझ्या शंकेला कोण विचारतो?

शर्यतीच्या दिवशी ऊन लवकर चढलं. ताई पुढे, तिच्यामागे अंतर राखून झेंडा घेतलेले भावोजी, त्यांच्यामागे मी पहिल्या गिअरमध्ये. सुरुवातीला ठीक चाललं. मग ती एका खांबाशी थांबली. भावोजी थांबले नाहीत. शेपटाला थांबता येत नाही. त्याच्यामागे रस्ता उघडत जातो, अडवलेल्या गाड्या सुटतात. ती निघायची, थांबायची, आणि दर वेळी झेंडा जवळ यायचा. ती मागे वळून हसायची. तिला खात्रीच होती. रोज तर जमत होतं.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे झेंडा तिच्या बरोबरीला आला. गाडीची काच खाली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अहो, तुम्ही घाई करताय," ताई म्हणाली.

"नाही गं. बरोबर चाललोय."

"मग रोज कसं जमत होतं?"

भावोजी चालता चालताच बोलले. वेग कमी केला नाही. "घड्याळात एक सोय असते. आपण थांबलो की तेही मोजायचं थांबतं. ती मी चालू ठेवली होती."

"म्हणजे मी थांबायचे ते..."

"धरलंच नव्हतं. पहिल्या दिवशी खरा आकडा दाखवला असता तर तू दुसऱ्या दिवशी उठली नसतीस. म्हटलं, जरा ताकद आली की बंद करू. आज करू, उद्या करू, राहूनच गेलं."

"उठायचं की नाही ते मला ठरवू द्यायचं होतं," ताई म्हणाली आणि पुढच्या खांबाशी थांबली.

झेंडा पुढे गेला. भावोजींनी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय अडले असते, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. मी गाडी ताईपाशी नेऊन दार उघडलं.

"जा तू तुझ्या शेपटामागे," ती म्हणाली. "फुटपाथ काय कोणाच्या बापाचा नाही." आणि खरंच रस्ता सोडून फुटपाथवर चढली. मला गाडी पुढे न्यावीच लागली. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले होते.

भावोजींनी झेंडा वेळेवर पोचवला, नेहमीसारखा. कोणाच्या तरी हातात तो कोंबला आणि पाणीसुद्धा न पिता उलटे निघाले. त्या पायांनी ते कसे गेले कोण जाणे. मी गाडीला टेकून वाट बघत राहिलो. शर्यत संपते तिथली कमान उतरवली, टेबलं घडी झाली, झाडणारी बाई माझ्या पायांतून झाडू मारून गेली. तेव्हा ती दोघं आली. ताई पुढे, भावोजी चार पावलं मागे. कमान होती तिथे जमिनीवर चुन्याची रेघ उरली होती, तीही अर्धी पुसलेली. ताईने ती ओलांडली आणि सरळ माझ्या गाडीत येऊन गठ्ठ्यावर बसली.

"आता बसते," म्हणाली. "आता शर्यत नाहीये."

घरी भावोजी सवयीने बेसिनपाशी गेले. पट्टा सोडला, घड्याळ नळाखाली धरलं, कपड्याने टिपलं, ठिपके ब्रशने पुसले. ताई दारात उभी राहून सगळं बघत होती. खुर्ची मागे होती, पण ती बसली नाही.

"ती सोय बंद केलीत का?"

"काल रात्रीच केली. झेंड्याला खरी वेळ लागते."

"मग बंदच ठेवा. उद्यापासून मी थांबलेलंही धरायचं," ती म्हणाली. "चालायला काय, पाय आपोआप पडतात. खांबाला धरून उभं राहायचं, तिथून घरी परत जायचं नाही, यातच माझा जीव गेलाय रोज. आणि तुम्ही नेमकं तेवढंच मोजलं नाहीत."

भावोजींनी मान हलवली. घड्याळ पूर्ण वाळलं होतं, तरी ते पुसतच राहिले.